रीस्टार्टनंतर स्विचचे घड्याळ जुळेपर्यंत ईईएम टायमरवर विसंबावे का?

नमस्कार. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट 3750 या पीओई (नेटवर्क केबलमधूनच उपकरणांना वीज देणाऱ्या) स्विचवर मी ईईएमची, म्हणजे ठरलेल्या वेळी किंवा घटनेवर आपोआप कमांड चालवणाऱ्या सिस्कोच्या सुविधेची, दोन ॲपलेट (छोट्या आज्ञावली) लिहिली आहेत. एक रात्री 11 वाजता फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांच्या पोर्टना ‘पॉवर इनलाइन नेव्हर’ देऊन त्यांचा वीजपुरवठा बंद करते, तर दुसरे सकाळी 6 वाजता ‘पॉवर इनलाइन ऑटो’ देऊन तो पुन्हा सुरू करते. (तातडीच्या वेळी लागणारे दोन फोन यातून मुद्दाम वगळले आहेत, ते कोणत्याही कारणाने बंद पडलेले मला चालणार नाहीत.) दोन्ही टायमर क्रॉन पद्धतीचे, म्हणजे घड्याळातील ठरलेल्या वेळी चालणारे, आहेत आणि एरवी ते चोख चालतात.

अडचण येते ती वीज जाऊन आल्यावर. या स्विचमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसल्यामुळे सुरू होताना तो 1 मार्च 1993 ची मध्यरात्र धरतो आणि एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून अचूक वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरशी) वेळ जुळेपर्यंत तशीच मोजत राहतो. सगळी उपकरणे एकदम सुरू होऊन यूपीएसवर भार येऊ नये म्हणून स्टार्टअप कॉन्फिगरेशनमध्ये हे पोर्ट बंदच ठेवले आहेत. परिणामी पहाटे 5.50 ला गेलेली वीज 6.10 ला आली, तेव्हा सकाळची वेळ टळून गेलेली होती आणि मी हाताने कमांड देईपर्यंत पोर्ट बंद राहिले. त्यानंतर 180 सेकंदांचा काउंटडाउन टायमर असलेले तिसरे ॲपलेट जोडले, जे स्विच सुरू झाल्यावर तेवढा वेळ थांबून पोर्ट टप्प्याटप्प्याने उघडते. मात्र वीज रात्री 2 वाजता आली, तर तेच ॲपलेट सगळे पोर्ट उघडून ठेवते, कारण खरी वेळ त्यालाही ठाऊक नसते.

दोन चुका माझ्याच होत्या आणि त्या दुरुस्त केल्या आहेत. ॲपलेटमधल्या ॲक्शनची (कृतींची) लेबले मजकूर म्हणून क्रमाने लावली जात असल्यामुळे 10 क्रमांकाची कृती 2 च्या आधी चालत होती, म्हणून आता 010, 020 अशी लेबले दिली आहेत. शिवाय ॲपलेटला मुळात 20 सेकंदांचीच मुदत असते, त्यामुळे ते अर्ध्यावर थांबत होते. ‘मॅक्सरन’ ही मुदत वाढवल्यावर ते पूर्ण चालू लागले.

आता काउंटडाउनऐवजी दर 60 सेकंदांनी चालणारा वॉचडॉग टायमर लावावा, त्यातून ‘शो एनटीपी स्टेटस’ तपासावे आणि वेळ जुळल्याचे दिसल्यावरच तास पाहून पोर्ट उघडायचे की बंद ठेवायचे हे ठरवावे, असा माझा विचार आहे. टायमरने केवळ आदेश देण्यापेक्षा अपेक्षित स्थिती पडताळणे मला अधिक भरवशाचे वाटते.

ज्यांनी असे केले आहे त्यांनी कृपया सांगावे: घड्याळ 1993 वरून एकदम आजच्या वेळेवर येते तेव्हा क्रॉन टायमर पुढची वेळ नव्याने मोजतो का, की ॲपलेटची पुन्हा नोंदणी करावी लागते? आणि एनटीपी सर्व्हर बराच वेळ मिळालाच नाही, तर पोर्ट किती मिनिटांनी उघडून द्यावेत?