मदत हवी आहे : गॅस गिझरची ज्योत पिवळी

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या पुण्यातल्या जुन्या घरी सहा लिटरचा गॅस गिझर बाथरूममध्येच बसवलेला आहे. हल्ली ज्योत निळीऐवजी पिवळी दिसते, वर काजळीही धरलीय. सेल नवे आहेत, पेटतो व्यवस्थित. दुरुस्तीवाला म्हणतो, "बर्नर साफ करू, झालं." मला पटत नाही. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाहीये, आणि त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासही नसतो! तूर्तास गिझर बंद, पातेल्यात पाणी तापवतोय (सासूबाईंची कुरकुर चालूच). बाहेर गॅलरीत हलवायचा विचार आहे. कोणी हलवलाय का? वाऱ्याने ज्योत विझते का? शिवाय बोअरच्या पाण्याने आत साचलेले क्षार काढून घेण्यात अर्थ आहे, की सरळ नवाच घ्यावा?