हा काळ खरंच सगळ्यात वाईट आहे का? (मूल होऊ द्यावं की नाही, त्यावरून)

अनुजा_पुणे:
मी ३१ वर्षांची, नवरा ३४. पुण्यात दोघंही नोकरीला आहोत. मूल हवं की नको हा विषय घरात हल्ली रोज निघतो. नवऱ्याचं म्हणणं, अशा जगात जीव आणायचा म्हणजे त्या जिवावरच अन्याय. युद्धं, हवा, दरवर्षी वाढणारा उन्हाळा, नोकरीचा भरवसा नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्याचे काका ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत टिकले नाहीत. त्या रात्री फोनवर खाट शोधत तोच बसला होता, त्यामुळे हे सगळं तो उगाच बोलत नाही. सासूबाई म्हणतात घोर कलियुग आलंय, पण नातवंडं मात्र हवीत.

मला एवढंच विचारायचंय: आपल्या आधीची माणसं खरंच चांगल्या काळात जगली का? धीर देऊ नका, 'सकारात्मक राहा' सांगू नका. ज्यांनी आधीचं पाहिलंय किंवा वाचलंय त्यांनी खरं काय ते लिहा.

दप्तरखाना:
'आधी' म्हणजे नेमकं कधी, ते आधी ठरवा. समजा एक माणूस १८९० साली पुण्यात जन्मला. तो सहा वर्षांचा असताना मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि काही महिन्यांत पुण्यात आला. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये गेल्या. त्याच सुमारास दुष्काळ, आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ. अठ्ठाविसाव्या वर्षी इन्फ्लुएंझा. तो जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरला, आणि त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला. देशात मेलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून पुढे जातात. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. जनगणनेच्या इतिहासात असं दशक दुसरं नाही. त्याहून मागे जायचं तर १६३० चा दुष्काळ आहे. तुकोबांच्या पहिल्या पत्नी त्यात अन्नावाचून गेल्या.

कोविडचं दुःख मी कमी लेखत नाही. पण जो जुना चांगला काळ आपण मनात धरतो, तो मला तरी कागदपत्रांत कुठे सापडलेला नाही.

सिस्टर:
अनुजा, मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका होते, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून निवृत्तीपर्यंत. शिरगणतीचं मला सांगता येणार नाही, पण लेकरांचं सांगते.

आमच्याकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असायची. त्यात शेजारी शेजारी दोन रकाने: एकूण अपत्ये आणि हयात अपत्ये. वाडीवर, तांड्यावर गेलं की पहिला प्रश्न, "बाई, झाली किती आन् राहिली किती?" बाई चुलीपुढून न उठता सांगायची, "सात झाली, चार हायेत." रडत नव्हती. तिच्या जावेचंही तसंच, सासूचंही तसंच. दोन्ही रकान्यांत एकच आकडा असलेलं घर आलं की मी दोनदा विचारायचे, ऐकण्यात चूक तर नाही ना म्हणून.

तान्ही लेकरं कशाने जायची? धनुर्वातानं. बाळंतपण घरात, दायी नाळ कापायची विळ्यानं, वर राख नाहीतर शेण लावायचे. चार-पाच दिवस बाळ चांगलं. पाचवीला सटवाई पुजून झालेली असायची, आणि मग बाळ अंगावर पिणं सोडायचं. तोंड उघडायचं नाही. दार उघडून उजेड आला किंवा कुणी हात लावला की अख्खं अंग ताठ व्हायचं, पाठ मागे वाकायची. घरचे म्हणायचे सटवाईनं नशिबात तेवढंच लिहिलं. मी पोचायचे तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. ते बाळ मांडीवर घेतलेल्या आया मला अजून दिसतात, म्हणून 'आमच्या वेळी सगळं कसं छान होतं' असं कुणी म्हटलं की मला ऐकवत नाही.

आता ते कसं थांबलं ते ऐक. गरोदरपणात आईला धनुर्वाताच्या सुया. दायांची शिबिरं: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काहीही लावायचं नाही. पहिली काही वर्षं बाया सुई घेत नव्हत्या. सुई घेतली की मूलच होत नाही अशी अफवा होती. आणीबाणीतल्या नसबंदीची भीती मनात होती, ती खोटी म्हणून उडवून देता येत नव्हती. म्हणून मी आधी दायीलाच पटवायचे, तिच्या ओसरीवर बसून. व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला, एसटीचा फाटा उतरून पुढे चालत. बर्फ वितळायच्या आत गावं उरकायची. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी. ते वाचलं त्या दिवशी मी जुन्या मैत्रिणींना, होत्या त्या सगळ्यांना, फोन लावले.

आकडा हवा असेल तर हा घे. १९७१ साली देशात हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत जायची. २०२० साली २८. आपल्या राज्यात त्या साली १६.

काळीमाती:
सिस्टर, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. लातूर जिल्ह्यात माझी कोरडवाहू शेती. लेकरं जगली हे खरं. पण जगून ती करणार काय?

आमचे वडील ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होते. परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो खाल्ला, कामावर वाटायचे ती सुकडी खाल्ली. ते म्हणायचे, तेव्हा धान्य नव्हतं पण विहिरीत प्यायला पाणी तरी होतं. आता रेशनवर धान्य आहे आणि विहिरीत गाळ. आमच्या शिवारात पूर्वी परसभर खणलं की पाणी लागायचं, आता बोअर सातशे फूट जातं आणि धुरळा येतो. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. पाऊस येतो तोही सोयाबीन काढायला आलं की. माझ्या गल्लीत दोन घरी कर्त्या माणसानं जीव दिलाय. त्या घरात जाऊन बालमृत्यूचा दर कसा सांगणार?

सिस्टर:
नाही सांगणार, आणि सांगूही नये. तुम्ही म्हणता ते माझ्या डोळ्यांसमोर झालंय, उसाचे फड वाढले आणि बोअर खोल गेले.

उलट मी आणखी भर घालते, म्हणजे अनुजाला एकच बाजू दिसायला नको. माझ्या तरुणपणी नव्हती अशी एक गोष्ट माझ्याच जिल्ह्यात झाली. सोनोग्राफी आली आणि पोटातल्या मुली जाऊ लागल्या. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. ज्या पोरींना आम्ही धनुर्वातातून वाचवत होतो, त्या आता जन्मायच्या आधीच जात होत्या, आणि हे करणारे शिकलेले लोक होते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या तरुण वयात काढल्या गेल्या. हंगामात पाळी नको, खाडा नको, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली पाहिजे. २०१९ मध्ये त्याची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली.

म्हणून काळाला सरसकट चांगला किंवा वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. लेकरं जगवणं हे काम कुणीतरी अंगावर घेतलं, पगारी आणि बिनपगारी, आणि ते झालं. पाण्याचं काम अजून तसं कुणी अंगावर घेतलेलं नाही. ७२ ची खडी फोडता फोडताच रोजगार हमी आली ना? मे १९७३ मध्ये राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि पुढे १९७७ साली कामाचा हक्क कायद्यात आला. तुमच्या वडिलांच्या पिढीनं तो मागून घेतला होता.

काळीमाती:
मागून घेतला, हे बरोबर. मोर्चे निघाले होते, वडीलही गेले होते. पाण्यासाठी आमच्या गावात आज बारा माणसं एका जागी बसत नाहीत. ज्याचं बोअर चालू, तो बैठकीला येत नाही. मी तरी यंदा उसाच्या वाटेला जाणार नाही, तूर आणि हरभराच करणार आहे.

अनुजा_पुणे:
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला सगळा धागा वाचून दाखवला. सिस्टरनी लिहिलेले दोन रकाने ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, आजीची पाच भावंडं लहानपणीच गेली होती, घरात त्यांची नावंही कुणी घेत नाही. आमचं अजून ठरलेलं नाही. पण 'हा काळच सगळ्यात वाईट' हे कारण आम्ही बाजूला काढलं. उरली ती आमची आमची कारणं: पाळणाघराचा खर्च, माझी शिफ्ट, आणि काकांच्या जाण्यानं त्याच्या मनात बसलेली भीती. तिच्याबद्दल तो आता कुणाशी तरी बोलणार आहे.

काळीमाती दादा, तुमच्या गल्लीतल्या त्या घरांत शाळेत जाणारी मुलं असतील तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा. वह्या-पुस्तकांचं आम्ही दोघं बघू.

सिस्टर, ठरलंच तर आधीपासून काय करायचं असतं?

सिस्टर:
फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायची असते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. किती आणि कोणती ते डॉक्टरांना विचार. आणि हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घे. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, शहरातल्याही. मूल ठरो न ठरो, तेवढं या आठवड्यात करून टाक.