बीटी कापसावर वरून बीटीचीच पावडर मारावी का? (गुलाबी बोंडअळी, करजण)

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही बडोद्याचे, घर दांडिया बाजारात. करजणजवळ आजोबांच्या वेळची काळी जमीन आहे, त्यात कापूस. बाबा गेल्यापासून रविवारी मी जातो, बाकी सगळं भागियाच (वाट्याने शेती करणारा) बघतो.

यंदा डोमकळ्या (अळीने आतून जाळ्याने बांधलेली, न उमललेली फुलं) दिसल्या. दोन उघडल्या तर आत बारीक पांढुरकी इयळ (इकडे अळीला आम्ही इयळच म्हणतो). भागिया म्हणाला, हीच पुढे गुलाबी होते. दुकानदार म्हणतो, बियाण्यात बीटी जिवाणूची दोन अळीनाशक प्रोटीनं (क्राय१एसी, क्राय२एबी) आहेतच, वरून त्याच जिवाणूची बीटी पावडर मारा, तिसरं मिळेल.

इथे माझं गाडं अडलंय. माझ्या समजुतीप्रमाणे ही प्रोटीनं अळीच्या आतड्यात ठराविक जागी चिकटतात आणि भोकं पाडतात. क्राय१एसी आणि क्राय२एबी वेगवेगळ्या जागी चिकटतात, म्हणून जोडी लावली. एकाला न जुमानणारी दुसऱ्याने मरावी. पण एका प्रोटीनचं बियाणं २००२ साली आलं, जोडीचं २००६ ला, आणि मग दोन्ही शेजारी-शेजारी पेरली गेली. पहिल्याला दाद न देणारी अळी आपल्या गुजरातेतच सापडल्याचं २०१० ला जाहीर झालं. म्हणजे दुसरं एकटंच लढलं, पुढे तेही थकलं.

आता पावडरच्या पुड्यावर 'कुर्स्टाकी' (बीटी जिवाणूचाच एक प्रकार) लिहिलंय. त्यातली प्रोटीनंही क्राय१, क्राय२ याच घराण्यातली. मग तिसरं कुठलं? शिवाय अळी बोंडात शिरलेली आणि पावडर पानावर! खर्च करू का?

प्रतिसाद १: नका करू. खरोखर वेगळं म्हणजे व्हिप३ए हे प्रोटीन, ऑस्ट्रेलियात ते कापसात जोडलंय, आपल्या पाकिटात नाही. डोमकळ्या वेचून जाळा. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले तरच औषधाचा विचार. आणि फरदड (हंगामानंतरही राखलेलं कापसाचं पीक) अजिबात ठेवू नका, डिसेंबरनंतर शेत मोकळं. बीटीला दाद देणाऱ्या अळ्याही टिकाव्यात म्हणून कडेला लावायच्या त्या बिगर-बीटीच्या रांगा कधी लावल्या होत्या का?

धागाकर्ता: सापळे उद्याच आणतो. फरदडीवरून भागियाशी वाद होणार, शेवटची वेचणी त्याच्या वाट्याची असते. रांगांचं विचारलंत म्हणून माळा धुंडाळला: ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर यायची ती बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची जुनी पुडी. तीन सापडल्या, एकही फोडलेली नाही.