आईबाबांना झोप लागत नाही म्हणून चालायला पाठवताय? उपयोग होतो का खरंच?

दादरची लेक: माझं ठाम मत, होतो. आई ७१ची. दोन वर्षं झोपेची गोळी, तरी रात्री अडीचला उठून बघावं तर स्वयंपाकघरात दिवा लावून मेथी निवडत बसलेली. जानेवारीपासून रोज सकाळी शिवाजी पार्कला नेतेय, अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या स्पीडने. पहिला महिना काहीच फरक नाही, उलट पाय दुखतात म्हणून माझ्यावरच चिडायची. तिसऱ्या महिन्यात मेथी सकाळी निवडायला लागली. गोळी आपल्या मनाने नाही सोडली हां, डॉक्टरांनी हळूहळू कमी केली.

मुलुंडकर: ताई, आईला बरं वाटलं हे छानच, पण हा सल्ला सरसकट देऊ नका प्लीज. माझे बाबा ७६, दोन वर्षं रोज पाऊण तास चालले आणि झोप नाही म्हटलं की आम्ही सगळे म्हणायचो अजून चाला. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं घोरतात का, मध्येच श्वास अडकतो का. स्लीप ॲप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार. त्यात बीपीची पाण्याची गोळी रात्री घ्यायचे त्यामुळे चारदा बाथरूम, ती डॉक्टरांनी सकाळी करून दिली. दोन वर्षं आम्ही त्यांना नुसतं चालवत होतो याचं मला आजही वाईट वाटतं.

फिजिओ मावशी: दोघांचंही ऐकलं, तरी मी लेकीच्या बाजूने. १९९७ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी ५० ते ७६ वयाच्या, एरवी व्यायाम न करणाऱ्या आणि झोपेची तक्रार असलेल्या ४३ जणांवर अभ्यास केला, अर्ध्यांना १६ आठवडे मध्यम व्यायाम दिला, त्यांना झोप लवकर लागायला लागली आणि जास्त वेळ टिकली. १६ आठवडे म्हणजे जवळपास चार महिने, आपल्याकडे लोक आठ दिवसांत सोडतात. आणि सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराचं घड्याळ जागेवर येतं तो फायदा वेगळाच.

मुलुंडकर: ४३ माणसं म्हणजे किती थोडी हो. आणि झोप कशी लागली हे त्यांनीच सांगितलेलं ना? रोज कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय म्हटल्यावरही माणूस बरं वाटतं म्हणतो. ताई, आईचं दुसरं काहीच बदललं नाही का?

गिरगावची सून: आमच्याकडे दहा बाय बाराची खोली, टीव्ही साडेअकरापर्यंत, नातू बारावीला म्हणून लाईट एकपर्यंत. सासूबाईंना रात्री ती खोली मिळतच नाही तर चालून काय होणार. त्यात गुडघे गेलेले, तीन मजले लाकडी जिना आणि पावसात फुटपाथवर शेवाळ. ७४व्या वर्षी पडून खुबा मोडला तर कुठली झोप अन् काय.

दादरची लेक: मुलुंडकर, बदललं की. दुपारची दीड तासाची झोप अर्ध्यावर आणली, चारनंतरचा चहा बंद केला. म्हणून मलाही शंका होतीच. पण जुलैत पावसामुळे तीन आठवडे चालणं बंद पडलं, चहा-झोप तसंच ठेवलं होतं, आणि दुसऱ्या आठवड्यात परत रात्री दिवा लागलेला दिसला. एका आईवरून जग ठरत नाही मान्य, घोरण्याचं आधी तपासा हेही मान्य, मी ते लिहायलाच हवं होतं.

सूनबाई, तुमच्या खोलीचं उत्तर माझ्याकडे नाही, खरंच नाही. पण जिना उतरवू नका त्यांना. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, झेपेल तसा हाताचा आधार घेत, सावकाश उठ-बस, आधी पाच वेळा मग दहा, आणि सकाळी गॅलरीत उन्हात बसवा. आई पावसाचे उरलेले दिवस हेच करत होती, आठवडाभराने पुन्हा साडेपाचपर्यंत झोपायला लागली.

गिरगावची सून: गॅलरीत सातला ऊन येतं. उद्या खुर्ची बाहेर काढते.