तबकड्यांवरचे पांढरे ठिपके: स्पिरिट लावण्याआधी

दिवाळीच्या आवराआवरीत मिळालेल्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवरचे पांढरे ठिपके स्पिरिटने पुसावेत का, असं एकाने विचारलंय. ती बहुधा पावसाळ्यातली बुरशी आहे. पण आधी तबकडी कोणती ते बघा. जुनी ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) असेल तर स्पिरिट अजिबात नको! ती शेलॅकची, म्हणजे लाखेची असते आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं; गाणं कोरलेल्या खाचा एकदा गेल्या की गाणं गेलं. तिला लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. लेबल कोरडं ठेवा, लगेच पुसा.

एलपी (लाँग प्ले) तबकडी व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची असेल तर चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एखादा थेंब लिक्विड. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच गोल फिरवा, आडवा नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा. हे धुणंच बरेचजण टाळतात. मग साबणाचा थर वाळून पिनवर गोळा होतो. नळाच्या पाण्यातले क्षारही खाचांत बसतात.

आतलं कागदी पाकीट बदलाच, नाहीतर बुरशी परत येते. आणि ७८ला एलपीची पिन लावू नका: तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते, एलपीची ०.७ मिलची पिन खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच ऐकू येते.