मदत हवी आहे: त्वचेतल्या लँगरहान्स प्रतिकारपेशींचं विभाजन मोजताना आकडा फारच जास्त येतोय

पेशीवेडी: एडयू (नव्या डीएनएत शिरणारी खूण) दिलं, बाह्यत्वचा सोडवली, फ्लोवर (पेशी एकेक करून मोजणारं मशीन) चालवली. लँगरहान्समध्ये एडयू पॉझिटिव्ह इतक्या येतायत की विश्वास बसत नाही. या पेशी तर सावकाश वाढतात ना? काय चुकतंय? लॅब मीटिंग तोंडावर आलीय, लवकर सांगा.

गेटवाला: उंदीर की माणूस? एडयू दिल्यावर त्वचा किती वेळाने काढलीत? गेट काय, म्हणजे पेशी कोणत्या खुणांवरून निवडल्यात?

सूक्ष्मदर्शी: एडयूच्या भानगडीत पडू नका. केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींतलं प्रथिन) रंगवा, इंजेक्शनच नको.

गेटवाला: केआय-६७ विश्रांतीतल्या पेशी सोडून चक्राच्या सगळ्या टप्प्यांत दिसतं. एडयू फक्त डीएनए बनताना शिरतं. प्रश्नच वेगळे आहेत.

सूक्ष्मदर्शी: माणसाच्या बायोप्सीत कुणाला इंजेक्शन देणार? तिथे केआय-६७च कामी येतं.

पाणपोई: ब्रडयू (एडयूसारखीच दुसरी खूण) पाण्यातून देत असाल तर बाटली झाकून ठेवा, उजेडाने खराब होतं.

सूक्ष्मदर्शी: त्या एडयू म्हणतायत हो.

जुनी_पाने: पॉल लँगरहान्सने १८६८ मध्ये या पेशी दाखवल्या तेव्हा तो विद्यार्थी होता आणि त्याला त्या चेतापेशी वाटल्या. स्वादुपिंडातली बेटंही त्याचीच!

पेशीवेडी: उंदराचा कान, बाह्यत्वचा डिस्पेज या विकराने सोडवली. एडयू पोटात टोचलं, दुसऱ्या दिवशी कान काढला. गेट सीडी४५, एमएचसी-टू (प्रतिकारपेशींवरची प्रथिनं), बाकी नेहमीचंच.

गेटवाला: नेहमीचंच म्हणजे? डब्लेट (चिकटून एकत्र मोजलेल्या दोन पेशी) वगळलेत का? लँगरहान्सच्या फांद्या केराटिनोसाइटना (बाह्यत्वचेच्या मुख्य पेशी) घट्ट चिकटलेल्या असतात आणि तळच्या थरातले केराटिनोसाइट सतत विभागत असतात. जोडी एकत्र गेली की सीडी४५ एकीचं, एडयू दुसरीचं, मशीनला मात्र पेशी एकच. एरिया-हाइट (सिग्नलचं क्षेत्रफळ आणि उंची) बघा, डीएनएचा रंगही घाला. शिवाय दुसऱ्या दिवशी काढलं की विभागून दोन झालेल्याही मोजल्या जातात. आत्ता किती पेशी डीएनए बनवतायत एवढंच हवं असेल तर दोन-चार तासांत काढा.

पेशीवेडी: डब्लेट गेले, आकडा बराच उतरला! पण पीई या चमकत्या रंगातलं एमएचसी-टू अगदी फिकं दिसतंय.

गेटवाला: एडयूला रंग जोडणाऱ्या क्लिक रिॲक्शनमधलं तांबं पीईची चमक घालवतं. दुसरा रंग घ्या, नाहीतर पीई क्लिकनंतर लावा. आणि एडयू न दिलेल्या उंदराच्या पेशींवरही क्लिक करा, गेट त्यावरून ठरवा.

सूक्ष्मदर्शी: दुसऱ्या कानाची शीट मायक्रोस्कोपखाली बघाच. एडयूचं केंद्रक कुणाचं, ते तिथे सरळ दिसतं.