मॉरिशस: घर समुद्रापासून लांब घेतलंय, सार्वजनिक किनारे कसे आहेत?

बार्शीकर_वृषाली

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबा आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन मॉरिशसला जाणार आहोत. समुद्राकाठची रिसॉर्टं परवडण्यासारखी नाहीत, म्हणून कात्र-बोर्न गावात घर भाड्याने घेतलंय. आमचे ट्रॅव्हलवाले म्हणतात, चांगले किनारे सगळे हॉटेलांचे आहेत, बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. खरं आहे का हे? बाबांचे गुडघे दुखतात, शिवाय ते माळकरी आहेत, त्यामुळे खाण्याचाही प्रश्न. लेकीला पोहता येत नाही, पण एकदा पाण्यात शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाही. कुठे जावं, काय सांभाळावं?

गुहागरची_मेधा

वृषाली, ट्रॅव्हलवाल्यांचं हे अजिबात मनावर घेऊ नकोस. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इथेच राहते, वाक्वाला, तुमच्या घराच्या शेजारच्या गावात.

इथे भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची आहे. त्या रेषेपासून आत साधारण 81 मीटरचा पट्टाही बहुतेक ठिकाणी सरकारचाच. फ्रेंचांच्या काळापासून ही व्यवस्था चालत आली आहे आणि हॉटेलं तो पट्टा भाडेकराराने घेतात. तेव्हा हॉटेलासमोरच्या वाळूवरून खुशाल चाला, पाण्यात उतरा. खुर्च्या आणि छत्र्या तेवढ्या त्यांच्या पाहुण्यांसाठी. अडतं ते वाटेशी, कारण हॉटेलच्या आवारातून आत जाता येत नाही. म्हणून आधी सार्वजनिक किनाऱ्यावर जायचं आणि तिथून पाण्याच्या कडेने हवं तितकं चालायचं.

तुम्हाला सगळ्यात सोयीचा फ्लिक-आँ-फ्लाक. कात्र-बोर्नहून थेट बस आहे. किनारा लांबलचक, मागे फिलाओची म्हणजे आपल्या सुरूची झाडं, त्यामुळे आजोबांना दिवसभर सावली. गुडघ्यांसाठी घडीची खुर्ची बरोबर ठेवा, खाली चटईवर बसून उठणं त्यांना जड जाईल. पाण्यात पोवळ्याचे तुकडे टोचतात, तेव्हा सगळ्यांना रबरी बूट हवेतच.

लेकीसाठी माझी पसंती उत्तरेकडच्या माँ श्वाझीला. मऊ वाळू, शांत पाणी. मागे मोठं मैदान आहे. 1933 साली मॉरिशसहून रेयुनियन बेटाला पहिलं विमान उडालं ते याच मैदानावरून, तिथे स्मारकही आहे. मेट्रोने पोर्ट लुईला, म्हणजे इथल्या राजधानीला जा, तिथून ग्राँ-बेच्या बाजूची बस पकडा. जवळच पेरेबेर आहे, छोटा आणि छान, पण तिथे पाणी लवकर खोल होतं. मी मुलीला घेऊन माँ श्वाझीलाच जाईन.

ब्ल्यू बे शेवटच्या दिवसासाठी ठेवा, विमानतळ तिथून अगदी जवळ आहे. हे संरक्षित सागरी उद्यान आहे, 2008 पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत. काचेच्या तळाच्या होडीतून आई-बाबांना कोरडे राहून पोवळी बघता येतील. पण पायाने पोवळ्यावर उभं राहू नका, आणि कुठल्याही किनाऱ्यावरून शंख-पोवळी उचलून आणू नका. 2020 साली वाकाशिओ जहाज इथून जवळच, प्वँत-देस्नीसमोर खडकावर चढलं आणि सुमारे 1000 टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा हजारो लोक उसाचा पाला पोत्यांत भरून, त्याचे लांब अडसर शिवून पाण्यात सोडत होते. या खाडीवर इथल्या लोकांची अशी माया आहे. आपणही तिथे तसंच वागायला हवं.

सागर_मालवण

वृषालीताई, सुरक्षेचं थोडं सांगतो, मी डायव्हिंग शिकवतो. या बेटाला जवळपास सगळीकडून पोवळ्याच्या कड्याचं कुंपण आहे, म्हणून आतलं पाणी उथळ आणि शांत असतं. भरती-ओहोटीतला फरकही जेमतेम अर्धा मीटर, आपल्याकडे कोकणात असतो त्याच्या पासंगालाही नाही. पण कड्यात जिथे खिंडी आहेत तिथून पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. पोहण्याच्या जागेला तरंगत्या खुणा बांधलेल्या असतात, त्यांच्या आतच राहा. मुलगी हाताच्या अंतरावर हवी, फुगवलेल्या ट्यूबच्या भरवशावर सोडू नका.

दक्षिणेला ग्री-ग्री आहे. तिथे कड्याचं कुंपण तुटलेलं आहे, लाटा सरळ खडकांवर आदळतात. बघायला जरूर जा, पाण्यात उतरू नका.

दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, तिथे त्याला लाफ म्हणतात. बूट त्याच्यासाठीही. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि 114 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची.

बार्शीकर_वृषाली

मेधाताई, सागरदादा, खूप आभार. रविवारी फार गर्दी असते म्हणे. मग आम्ही सोमवार-मंगळवारीच जावं का? आणि बाबांच्या जेवणाचं?

गुहागरची_मेधा

एक रविवार तरी जाच, अगदी आग्रहाने सांगते. गावोगावची कुटुंबं भाड्याची बस करून येतात, आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत. सुरूखाली चटया, मोठाली पातेली, दुपारनंतर राव्हान, म्हणजे इथला मोठा डफ, वाजायला लागतं आणि बायका सेगा हा इथला नाच नाचायला उठतात. त्यांत कोकणातून दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी आलेल्या मराठी घरांतले लोकही असतात. बोलतात क्रिओल, पण त्यांच्या गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते. आई-बाबांनी नमस्कार केला तर कुणीतरी आपल्या ताटातलं पुढे करेल. सकाळी नऊच्या आत पोहोचा म्हणजे सावलीची जागा मिळते. परतीच्या बसची शेवटची वेळ जातानाच विचारून ठेवा, संध्याकाळी बस फार लवकर बंद होतात.

जेवणाची काळजी नको. गाडीवर ढोल-पुरी मिळते, वाटाण्याची डाळ भरलेली पातळ पोळी, सोबत पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि टोमॅटोची चटणी. गातो-पिमाँ म्हणजे आपल्या डाळवड्यांचे भाऊबंद. कांदा-लसूण मात्र दोन्हींत असू शकतो, बाबांचं तेवढं कडक असेल तर डबा न्या. अननस चिंच-मीठ-मिरची लावून देतात, लेक सोडणार नाही.

आणखी एक. दक्षिणेतला पाँपोनेतचा सार्वजनिक किनारा हॉटेलसाठी काढून घेतला गेला, तेव्हा लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. 'आरेत कोकें नू लाप्लाझ', आमचा किनारा चोरणं थांबवा, या नावाने लोक एकत्र आले. ज्या सुरूखाली तुम्ही बसणार ती जागा मोकळी राहावी म्हणून माणसं भांडली आहेत. म्हणून ट्रॅव्हलवाल्यांचं ते वाक्य वाचून मला राहवलं नाही.

बार्शीकर_वृषाली

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले रविवारीच जायचं, आणि आईने शंकरपाळ्यांचा वेगळा डबा लिहून ठेवलाय, शेजारच्या चटईवर द्यायला. कांदा-लसूण एकादशीपुरताच बंद असतो त्यांचा, तेव्हा ढोल-पुरी चालेल. रबरी बूट इथून घेऊ की तिथे मिळतात?

गुहागरची_मेधा

तिकडूनच घेऊन या, लेकीच्या मापाचे घालून बघून.